चार फूट दोन इंच

१४ जानेवारी

रंगारीबुवा यांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला विनंती करायची पद्धत आहे, पण माझी विनंती नाही, तक्रार आहे. तुमचा फोन वाजतो आणि उचलला जात नाही. दुकानाचा पत्ता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे चिकटवलेला सापडला, म्हणून लिहिते आहे. तसंही मी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत जावक विभागात काढली. कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानायची मला सवय आहे.

नदीकाठच्या वसाहतीतलं, तळमजल्यावरचं फाटकाजवळचं घर आम्ही नोव्हेंबरात घेतलं. मी नवऱ्याच्या आजारपणात अडकलेली, त्यामुळे घर एकदाच, तेही घाईत पाहिलं. एजंटनं रंगाचं केवढं कौतुक केलं होतं. मोतिया रंग, तीन हात, दहा वर्षं बघायला नको. आम्ही एक जानेवारीला राहायला आलो आणि बाराव्या दिवशी बाहेरच्या खोलीतला पोपडा पडला. तेराव्या दिवशी झोपायच्या खोलीतला. आता मी रोज सकाळी केरसुणी घेऊन तुमची कारागिरी गोळा करते.

तुम्ही येऊन बघावं. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे.

— घरमालकीण


२५ जानेवारी

मॅडम,

पत्र पोचलं. दुकानात आमची मंडळी बसते, तिनं इकडे पाठवलं. मी परगावी आहे. एका हॉस्पिटलचं काम घेतलंय, चार मजले, आत-बाहेर. मेच्या मध्यापर्यंत सुटका नाही. फोनचं म्हणाल तर परांचीवर उभं राहून रंगाच्या हातानं तो उचलता येत नाही आणि खाली उतरेपर्यंत समोरचा माणूस कंटाळतो.

वीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझ्या भिंतीकडे बोट दाखवायची वेळ कुणावर आली नव्हती, त्यामुळे पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण तुम्हीच विचार करा. घर नदीजवळ, हवा दमट, त्यात थंडीचे दिवस. आधीच्या मालकानं पूर्वी हलका डिस्टेंपर मारलेला होता, तो वरच्या रंगाला धरून ठेवत नाही. असं होतं कधीकधी. मी आलो की खालच्या भागाला ऑइलपेंटचा छान पट्टा मारून देतो, हिरवा म्हणा, चॉकलेटी म्हणा. माझ्याकडून.

तोवर भिंत खरवडू मात्र नका. खरवडलं की वाढतं.

आपला,
रंगारी


३ फेब्रुवारी

रंगारीबुवा,

खरवडू नका म्हणालात, म्हणून खरवडलं. कचेरीत कुणी 'ही फाइल उघडू नका' म्हटलं की आम्ही तीच आधी उघडायचो.

आता ऐका. ओल जमिनीतून वर चढली तर ती वाकडीतिकडी चढते, एवढं मलाही कळतं. इथे सरळ रेघ आहे, पट्टी धरून मारल्यासारखी. रेघेच्या वर तुमची लांबी, रंगाखाली भरलेला तो पांढरा लेप, दगडासारखी घट्ट. खाली नखानं निघते. मी शिवणाची टेप घेऊन चौदा ठिकाणी मोजलं. बाहेरची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, भिंतीतल्या कपाटाच्या आतसुद्धा. सगळीकडे चार फूट दोन इंच. म्हणजे तुम्ही काय केलंत ते सांगू का? माणसाची नजर जिथे जाते तिथे चांगला माल वापरलात आणि जिथे पलंग, टेबलं, खुर्च्या येणार तिथे भुसा भरलात. सामानामागे कोण बघतंय, असा हिशोब. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'अहो, आमच्याकडे पण तसंच आहे, चालायचंच,' आणि घाईघाईनं आत गेल्या. म्हणजे सगळ्यांनाच टोपी घातलीत. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवणार आहे की या माणसाला पुन्हा वसाहतीत पाऊल ठेवू देऊ नका.

एवढी चिडायचं कारणही सांगते, म्हणजे म्हातारी भांडकुदळ आहे असं वाटायला नको. माझ्या नवऱ्याला गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून मुद्दाम तळमजला घेतला. त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे, कारण तिथून खिडकी दिसते. तुमचे पोपडे त्यांच्या तोंडावर पडतात आणि त्यांना ते झटकता येत नाहीत. मी बाहेरून आले की आधी त्यांच्या पापण्या पुसते.

— घरमालकीण


२० फेब्रुवारी

ताई,

मॅडम लिहिणार होतो, पण आज ते हाताला येत नाही.

तुमचं पत्र दहा दिवस खिशात आहे. बसून वाचा हे.

लांबी खराब नव्हती. वर आणि खाली एकच माल आहे. ती रेघ पाण्याची आहे. गेल्या ऑगस्टमध्ये वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला आणि चार तासांत, दुपारी तीनला, नदी वसाहतीत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तुमच्या घरात पाणी चार फूट दोन इंचांवर उभं होतं, मधल्या काळात हललंसुद्धा नाही. म्हणून रेघ इतकी सरळ आहे. मी आयुष्यभर लेव्हलच्या नळीत पाणी भरून रेघा मारल्या, इतकी सरळ मला कधी जमली नाही.

चिखल काढून झाल्यावर सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावरची सोळा घरं. कुणी म्हणालं, गप्प बसलो तरच विकली जातील, बोललो तर आपण इथेच कुजणार. ठरलं असं की कुणी विचारलं तर पाणी फाटकापर्यंत आलं होतं, एवढंच सांगायचं. सोळाही घरांचं काम मला दिलं, ऑक्टोबर अखेर संपवायच्या बोलीवर. मी म्हटलं, भिंती वाळायला चार महिने लागतील. सेक्रेटरी म्हणाले, चार महिने कुणाकडे आहेत? ओल्या भिंतीला लांबी भरायची नसते हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी भरली.

आणखी एक. तुम्हाला घर विकलं तो माझा थोरला भाऊ. तीन मुलं, घरातलं सगळं गेलेलं. दादा म्हणाला होता, 'धरणाच्या ऑफिसातले म्हणतात असं पाणी शंभर वर्षांतून एकदा येतं. यंदा येऊन गेलं. म्हणजे घेणाऱ्याचं नशीबच की.' मला ते खरं वाटलं. खरं वाटावं अशी फार इच्छा होती म्हणून वाटलं. इथे हॉस्पिटलच्या एका इंजिनिअर साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी तेवढीच भीती. मागच्या वर्षी येऊन गेलं म्हणून या वर्षी येणार नाही, असं पाण्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तुम्ही मला टोपी घालणारा म्हणालात, सोसलं असतं. माझा रंग वाईट म्हणालात, ते लागलं, पण तेही सोसणार होतो. रंगारी बदनाम झाला तर झाला, दादाचं घर सुटलं, असं मनाशी म्हणत होतो. पण साहेबांचा पलंग त्या भिंतीला आहे म्हणता. पलंग फार तर दोन फूट उंच असतो, ताई. मला तेव्हापासून झोप नाही.

आता सेक्रेटरींना काय लिहायचं ते लिहा.

— रंगारी


९ मार्च

रंगारी,

तीन पत्रं लिहून फाडली. त्यात जे होतं ते माझ्या तोंडाला शोभणारं नव्हतं. हे चौथं.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं. मी फक्त टेप त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, चार फूट दोन इंच. गृहस्थ आधी उठले, मग बसले. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. माझ्या हट्टावरून रविवारी इमारतीखाली सभा झाली.

अशी सभा मी कचेरीतही पाहिली नव्हती. एकानं धरणवाल्यांना शिव्या घातल्या, त्यांनी पाणी एकदम सोडलं म्हणून. दुसऱ्यानं बिल्डरला, तिसऱ्यानं कचेरीला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या की तुम्ही काल आलात आणि आमच्या घराची किंमत मातीत घातलीत. कुणी म्हणालं, नदीला भिंत बांधा. सेक्रेटरी म्हणाले, शेवटी नदी आपल्या हद्दीत शिरली, त्याला कोण काय करणार. तेव्हा मागे सायकल धरून उभे असलेले म्हातारे दूधवाले हळूच बोलले. ते म्हणाले, 'साहेब, जिथे तुम्ही खुर्ची टाकलीये ना, तिथे माझा बाप उन्हाळ्यात कलिंगडं लावायचा. पावसाळ्यात तिथे नदीचं पात्र असायचं. हद्दीत कोण शिरलं ते बघा.' सेक्रेटरी खुर्चीवरून उठले. सभा संपली.

आता माझं. इतकी वर्षं कागद हाताळलेली बाई अशी फसली कशी, हे तुमच्या मनात आलं असेल. मी याच वसाहतीत घर घेतलं, कारण तिच्या बांधकामाची परवानगी आमच्या कचेरीतून गेली होती. माझ्या हातून. शिक्का मी मारला, जावक क्रमांक मी घातला. एजंटनं वसाहतीचं नाव सांगितलं तेव्हा मला ती फाइल आठवली आणि मी निर्धास्त झाले. सगळ्या सह्या होत्या, मग काय बघायचं?

परवा जुन्या मैत्रिणीकडून त्या पत्राची प्रत मागवली. तीन पानं. अट सातवी: 'जागा नदीच्या पूरक्षेत्रात असल्याने तळमजला केवळ वाहनांसाठी मोकळा ठेवावा, त्याचा राहण्यासाठी वापर करू नये.' तुमच्या दादाचं आणि आता माझं घर, सोळाच्या सोळा घरं या वाक्यावर उभी आहेत. मी आयुष्यभर कागद पाठवले. सहपत्रं मोजली, पाकीट चिकटवलं, क्रमांक घातला. वाचला एकही नाही. आमच्यात तशी पद्धतच होती, जावकनं वाचायचं नसतं. तुम्ही ओल्या भिंतीला लांबी भरलीत म्हणून मी तुम्हाला काय सुनवावं?

तरी राग आहे, हे लिहून ठेवते. तो जायला वेळ लागेल.

— ताई (तुम्ही म्हटलंच आहे, तर तसं)


१८ मार्च

ताई,

पत्र वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

मी खरं सांगितल्याचं दादाला कळलं. सभेनंतर वसाहतीतल्याच कुणीतरी त्याला गाठून सांगितलं, तुझ्या भावानं फोडलं म्हणून. तो दुकानावर येऊन मंडळीला म्हणाला, 'घर माझं बुडलं आणि खरं बोलायची हौस याला.' तेव्हापासून फोन घेत नाही. बाप गेल्यावर त्यानं मला वाढवलं. पहिला ब्रश त्यानं आणून दिला होता. तो टेकडीकडच्या बाजूला दोन खोल्यांत राहतो, भाड्यानं. तुम्ही दिलेले पैसे जुनं कर्ज फेडण्यात गेले. घर परत घे म्हणायची सोय नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मी इथे भिंत वाळली की नाही ते हाताचा पालथा भाग लावून बघतो, दिवसातून दहा वेळा. बरोबरचे हसतात.

— रंगारी


११ एप्रिल

रंगारी,

एक काम आहे. हे पत्र वाचून झाल्यावर फाडा. मीही नक्कल ठेवणार नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

घराला गिऱ्हाईक आलंय. बाहेरगावची माणसं, फोनवर सरळ वाटली, घाईत आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात घर बघायला येतील. आता भिंती पुऱ्या वाळल्या आहेत, मीही हाताचा पालथा भाग लावून बघितलं. या वेळी लांबी बसेल. तुम्ही दोन दिवसांची रजा काढून या आणि ती रेघ घालवा. तुम्हाला जमतं. कुणाला कळणार नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. महिनाभर मी स्वतःशी तेच बोलते आहे. पण दुसरा रस्ता सांगा. सांगून विकायला गेले तर कुणी घेणार नाही. न विकता राहिले तर जूनपासून रोज आभाळाकडे बघत बसायचं, आणि जवळ पलंगावर हे, ज्यांना हाकसुद्धा मारता येत नाही. सभेनंतर सगळे आपापल्या दारांमागे गेले. मला यांना इथून बाहेर काढायचंय. बाकी काही नाही.

— ताई


१७ एप्रिल

ताई,

नाही म्हणायला मला तोंड नाही. पहिल्यांदा मीच केलंय. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो आणि अशी भिंत करून देतो की मला स्वतःला रेघ सापडणार नाही. शिव्या देणार नाही, उपदेश करणार नाही.

फक्त एक कळवा. ती माणसं घर बघायला आली की त्यांना विचारा, पलंग कुठे टाकणार आणि त्यावर कोण झोपणार. मी काही विचारलं नव्हतं. ते कळवलंत की मी निघतो.

— रंगारी


२ मे

रंगारी,

तुम्ही निघू नका, म्हणजे त्या कामासाठी नको.

माणसं ठरल्याआधीच आली, गेल्या रविवारी. भिंत तशीच होती. मी रेघेला लागून कपाट सरकवलं होतं, उरलेल्या ठिकाणी पडदा सोडला होता. शिवणकाम करणारी एक बाई, चाळिशीची, आणि तिची आई. आई भिंतीला हात लावून चालत होती. बाई खोल्या बघत होती, खूश होती. मी ठरवलं होतं, विचारायचंच नाही. पण तुमचं पत्र वाचून बसले होते ना. तोंडातून निघालंच, की आईंचा पलंग कुठे टाकणार.

ती म्हणाली, 'इथेच की. खिडकी आहे, आईला रस्ता दिसेल. तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून तर तळमजला बघतोय.' आणि आई आमच्या यांच्या पलंगाच्या कडेवर टेकली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, जशी दवाखान्यात शेजारशेजारची माणसं बघतात.

मी पडदा बाजूला केला. टेप काढली. सगळं सांगितलं, ऑगस्ट, भोंगा, अट सातवी, आणि शिक्का माझा हेसुद्धा. बाई रेघेजवळ गेली. मग तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि आईच्या डोक्याकडे पाहिलं. बसलेल्या आईचं डोकं रेघेच्या खाली येत होतं. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले. घर विकलं गेलं नाही. मी त्या दिवशी यांच्याजवळ बसून खूप रडले आणि मला हलकं वाटलं, दोन्ही खरं आहे.

त्यांना मी फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा सेक्रेटरी तिथेच होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी ते आणि त्यांची बायको खाली आले. म्हणाले, भोंगा वाजला की साहेबांना आमच्या पुढच्या खोलीत आणायचं, खोली रिकामी करून ठेवतो. आता पाऊस महिन्यावर आला. जिना अरुंद आहे, दोन वळणं. खुर्चीत बसवून न्यायला हवं. सेक्रेटरी, दूधवाले आणि शेजारच्या बाईंचे यजमान, अशा तिघांनी परवा करून बघितलं. पहिल्या वळणावर अडकलं. हे घाबरले, परत खाली आणलं. तिघांत होत नाही. मजूर मिळतात, पण भोंगा वाजल्यावर नदीच्या दिशेनं येईल असा माणूस मजुरीवर मिळत नाही.

म्हणून पहिल्या पत्रात नव्हती, ती विनंती आता करते आहे. चौथा माणूस हवा.

— ताई


८ मे

ताई,

चौदा तारखेला हॉस्पिटलचं काम संपतंय, पंधराला मी गावात. चौथा मी.

आणि पाचवा पण आहे. तुमचं पत्र दुकानात आलं तेव्हा मंडळीनं ते इकडे पाठवण्याआधी फोडलं. तिला ती खोड आहे, मी बोलत नाही. दादा नेमका तिथे मुलाचं दप्तर न्यायला आला होता. तिनं त्याला उभं करून सगळं वाचून दाखवलं. तो दप्तर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, त्या जिन्यानं मी माझं लोखंडी कपाट वर चढवलं होतं, सेक्रेटरीकडे ठेवायला, पाणी यायच्या तासभर आधी. पहिल्या वळणावर खुर्ची कलती करावी लागेल आणि मागचे दोन पाय एकाच माणसानं धरायला हवेत. ते मी धरतो म्हणावं.

माझ्याशी तो अजून बोलत नाही, ताई. पंधरालाही बोलेल असं वाटत नाही. तुम्ही वरच्या पायरीवर उभ्या राहा आणि 'उचला' म्हणा. आम्ही दोघं उचलू.

— रंगारी